दाढ आता दुखत नाही

४ फेब्रुवारी

प्रिय ठोंब्या,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चिठोरंच ते. ‘मालिका छान चालली आहे, बाबा बरे आहेत, गच्चीवरची टाकी गळते.’ एवढ्यासाठी तिकीट लावायला तुझा हात कसा धजावला? गुप्तचर खात्यात चिकटल्यापासून शब्दसुद्धा कुलपात ठेवतोस वाटतं.

मालिका छान चाललीय हे मला माहीत आहे, मीच लिहिते ती. मला हवीय ती बातमी वेगळी. दहाव्या भागाला बाबा कितव्या मिनिटाला झोपले? नवव्याला ते अर्ध्यापर्यंत जागे होते, म्हणजे माझी प्रगती आहे. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंना कथा समजत नाही असं तू मागे लिहिलं होतंस, तर त्यांना एवढंच सांग: चार माणसांचं एक घर आहे. बाप सरकारच्या खात्यात लोकांची पत्रं चोरून उघडतो. अगदी आपल्या बाबांसारखा, फक्त टक्कल नाही, कारण नट तयार होईना. आई सरकारच्या विरोधकांना आतून मिळालेली. मुलगा बापाच्या बाजूचा, मुलगी आईच्या. आणि चौघं रोज एका टेबलावर जेवतात. यात न समजण्यासारखं काय आहे? सगळ्याच घरांत असं असतं, आपण त्याला हेरगिरी म्हणत नाही इतकंच.

चौथ्या भागातलं ते जेवण आठवतं? बाप सहज म्हणतो, “आम्ही पुढच्या महिन्यात बघू,” आणि मुलीचा घास हातातच राहतो. घरात बसलेला माणूस ‘आपण बघू’ म्हणतो. ‘आम्ही’ म्हणाला की समजावं, त्याच्या मागे दुसरंच कोणीतरी उभं आहे. त्या एका शब्दावर मला अकरा पत्रं आली. दिग्दर्शक म्हणत होता काढून टाका, कोणाच्या लक्षात येणार नाही. आता तोच मुलाखतीत सांगत फिरतो की कल्पना त्याची.

पुढच्या गुरुवारचा अकरावा भाग सगळ्यांत भारी आहे. बाबांना जागं ठेव. हवं तर चिमटे काढ.

तुझी ताई


१५ फेब्रुवारी

ताई,

अकरावा भाग झाला. बाबा झोपले नाहीत.

तुझा तो नट किटलीवर पाकीट धरून उभा राहिला तेव्हा ते म्हणाले, “एवढी वाफ धरली तर शाई फुटेल.” मग त्याने बायकोला वाचवायला पत्राच्या तळाशी गुपचूप एक ओळ वाढवली, आणि तिकडे दाताच्या दवाखान्यात दबा धरून बसलेल्या अधिकाऱ्याची चांगली दाढ उपटली गेली. मी एवढा हसलो की ठसका लागला. बाबा हसले नाहीत. उठून स्वयंपाकघरात गेले आणि विसळलेला कप पुन्हा विसळत बसले. मला वाटलं, कामातल्या चुका बघून वैतागले असतील. एकतीस वर्षं तेच काम केलंय त्यांनी.

आता मुख्य गोष्ट. दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. मी दप्तरखान्यातला साधा कारकून, ऑगस्टमध्ये तिथे आलो तेव्हापासून त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नव्हती. बसायला सांगितलं. हसताना ते डावा गाल आत ओढून घेतात, मला सवय वाटायची. ताई, तिथे दाढ नाहीये. तुझ्या भागातला तो अधिकारी म्हणजे आमचे साहेब.

बावीस वर्षांपूर्वी ते खरोखरच एका दवाखान्यात दबा धरून बसले होते. संशय येऊ नये म्हणून खुर्चीत बसले, दाढ गेली, ते ओरडले आणि ज्याची वाट बघत होते तो माणूस आलाच नाही. “माझ्या बोंबेनं तो सावध झाला, असा शेरा पडला माझ्यावर,” म्हणाले. “बावीस वर्षं ऐकून घेतोय. आणि तुझ्या बहिणीला माहीत आहे की पाकीट चिकटवणाऱ्यानं आत ओळ घातली होती! तिला हे कोणी सांगितलं?”

तेव्हा पाकिटं उघडणारे चौघं होते. कोणी कुठलं उघडलं याची नोंद ठेवायची नाही असा नियम होता. एक वारला, एक परदेशी गेला, एक तुमच्या शहरात राहतो, चौथे बाबा. मी घाबरून बाबांचं नाव काढलं तर साहेब म्हणाले, “त्यांना सोडून बोल. तो फरारी माणूस म्हणजे तुझा मामा. आणि त्याचं नाव खात्याला तुझ्या वडिलांनीच दिलं होतं. त्यांच्यावर संशय घ्यायचा तर खातं बंद करावं लागेल.”

ताई, तुला हे माहीत होतं? मामाला बाबांनी दिलं? मी सात वर्षांचा होतो. मला एवढंच आठवतं की मामा यायचा बंद झाला आणि आई बाबांशी कामापुरतं बोलायला लागली. चार दिवस झाले, मीही कामापुरतंच बोलतोय. त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही.

आणि तुला ती गोष्ट सांगितली कोणी? मला आपलं माहीत असावं म्हणून विचारतो.

तुझा ठोंब्या


२१ फेब्रुवारी

ठोंब्या,

हो, माहीत होतं. आईनं मला सांगितलं होतं, ती जायच्या आदल्या वर्षी. पण बाबांशी अबोला धरू नकोस. तू अर्धंच ऐकलंयस. उरलेलं अर्धं पत्रात लिहिता येत नाही, आणि तुझ्या घरी येऊन सांगायला माझे पंधरावा आणि सोळावा भाग मानगुटीवर बसलेत. महिनाभर कळ काढ. त्यांच्यासमोर नीट जेव, नीट बोल.

ज्यानं मला ती ओळ सांगितली त्याला मी शब्द दिलाय. माणूस म्हातारा आहे. नाव बाहेर आलं तर उरलेले दिवस गजांआड जातील, तुमच्या खात्याचा कायदा वय बघत नाही. तुला नाव कळलं तर तुला खोटं बोलावं लागेल, आणि खोटं बोलताना तुझे कान लाल होतात हे लहानपणापासून सगळ्या गल्लीला माहीत आहे. म्हणून विचारू नकोस. साहेबांना सांग, ताई विक्षिप्त आहे, लेखकांचं काही खरं नसतं. ते लगेच पटेल त्यांना.

ताई


३ मार्च

प्रिय ताईस,

तुझी प्रकृती उत्तम असेल अशी आशा आहे. येथे सर्व क्षेम आहे.

मागील पत्रात ज्या व्यक्तीचा तू उल्लेख केलास तिच्याविषयी थोडं लिहावंसं वाटलं. ती व्यक्ती वृद्ध असल्यास तिला कोणताही त्रास होणार नाही. प्रकरण जुनं आहे. केवळ नोंद पूर्ण करणं एवढाच हेतू आहे. ती व्यक्ती तुझ्याच शहरात राहत असल्यास तसं कळवावं. तिचं नाव आम्हाला कळलं तर फार बरं होईल. माझ्या बढतीचाही विचार चालू आहे.

उत्तराची वाट पाहतो.

तुझा भाऊ


७ मार्च

वा रे माझ्या भावा!

‘आम्हाला.’ मी ते पत्र तीनदा वाचलं, की कुठे ‘आपल्याला’ असेल आणि माझे डोळे गेले असतील. नाही. स्पष्ट, गोल अक्षरात ‘आम्हाला’. मी पडद्यावर जो शब्द पकडायला लोकांना शिकवलं तो तू मला पत्रातून पाठवलास. आता तू आणि साहेब मिळून ‘आम्ही’. मी बाहेरची. बरं झालं, कळलं तरी.

आणि बढती! लाज नाही वाटली लिहायला? मामाचं ऐकून तुला बाबांचं तोंड बघवेना. आता स्वतः काय करतोयस? एका म्हाताऱ्याला खुर्चीच्या बदल्यात देतोयस. ‘त्रास होणार नाही’ म्हणे. तू लहान बाळ आहेस की मला समजतोस?

तुला नाव हवंय ना? मग ऐक. ज्याचं नाव तू मागतोयस तो माणूस रोज सकाळी तुमच्या न्हाणीघरातल्या आरशात दाढी करताना दिसतो तुला. नीट बघ त्याच्याकडे. आणि मग जा, दे नाव. घे बढती.

मला पत्र लिहू नकोस.

ताई


१३ मार्च

ताई,

हे पत्र खालच्या नर्सबाईंच्या हाती पाठवतोय. त्यांची तुमच्या शहरात बदली झालीय. वाचून जाळ, आणि कृपा करून शेवटपर्यंत वाच.

तीन तारखेचं पत्र साहेबांनी माझ्या टेबलाशी उभं राहून सांगितलं, मी लिहिलं. ‘क्षेम’ हा शब्द मी जन्मात वापरला आहे का? सांगताना ते म्हणाले, “आपल्याला कळलं तर.” आपल्याला, म्हणजे बहीण-भावाला, गोड वाटावं म्हणून. मी हळूच ‘आम्हाला’ लिहिलं. त्यांच्या लक्षात आलं नाही. तूच लिहिलं होतंस, ‘आम्ही’ म्हटलं की मागे कोणीतरी उभं असतं. ताई, खरंच उभं होतं ग. माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. मला वाटलं तू बघताक्षणी ओळखशील आणि गप्प बसशील. घरी आलो तेव्हा स्वतःवर खूश होतो. म्हटलं, ठोंब्यानं आज ताईला शोभेलसं काही केलं.

आणि तू ते वाचून चिडलीस.

तुझं सात तारखेचं पत्र माझ्याआधी त्यांनी वाचलं. मालिकेत खात्याचं काम दिसायला लागलं तेव्हापासून, म्हणजे जानेवारीपासून, तुझी सगळी पत्रं वाचतायत. साहेबांनी ते माझ्यासमोर ठेवलं, आरशाच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “म्हणजे काय?” मी वाचलं आणि त्याच क्षणी मला कळलं. आमच्या घरात एकच आरसा आहे आणि त्यात दोघं दाढी करतात. पण साहेबांच्या मनात बाबा आलेच नाहीत. ते माझ्याकडे बघत होते. “म्हणजे तू?” म्हणाले. मी एक दिवस मागून घेतला.

घरी जाऊन बाबांना विचारलं. ते वर्तमानपत्राची घडी घालत होते, घडी पूर्ण करून मग बोलले. मामाचा फोटो त्यांच्यापुढे ठेवला होता, म्हणे. ओळखत असून लपवलंत तर तुमच्या बायकोलाही आणू, असं सांगितलं. त्यांनी भीतीनं नाव दिलं. महिन्यानं एक पाकीट त्यांच्या टेबलावर आलं, दुसऱ्याच कुणाच्या नावाचं, पण मामाकडे जाणारं. मामाच्या मित्रानं लिहिलं होतं, ‘दाढ फार दुखते, गुरुवारी चारला दवाखान्यात जाणार आहे, तिथेच भेटू.’ त्याची नक्कल दुसऱ्या खोलीत झाली, साहेब मंडळी दवाखान्यात जाऊन बसली. पाकीट चिकटवायला बाबांकडे परत आलं. तेव्हा त्यांनी खाली त्या मित्राच्या अक्षरात एक ओळ घातली: ‘ता. क. दाढ आता दुखत नाही.’ मामा गेला नाही. त्याच आठवड्यात सरहद्द ओलांडली त्यानं.

मी विचारलं, आईला का नाही सांगितलं? चौदा वर्षं ती तुमच्याशी परक्यासारखी राहिली. तर म्हणाले, “तिला आनंद लपवता आला नसता.”

ताई, मी महिनाभर त्या माणसाशी धड बोललो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सांगितलं की तो मीच. दवाखाना, गुरुवार, दाढ, सगळं फायलीत आहे. ते मी वाचून तुला सांगितलं, आणि ती ओळ तू मनानं रचलीस. म्हणजे ओळ घालणारा कोणी नव्हताच. फाईल फोडल्याचा गुन्हा फक्त माझा. मला निलंबित केलंय. वकील म्हणतात, दीड-दोन वर्षं होतील. मी एकोणतीसचा आहे, निभावेन. बाबा अडुसष्टचे आहेत आणि जिना चढताना दोनदा थांबतात.

तुला खात्याकडून विचारणा येईल. तू फक्त ‘हो’ म्हण. माझे कान लाल झाले नाहीत, मी खिडकीच्या काचेत बघत होतो.

तुझा ठोंब्या


१८ मार्च

चिरंजीव पोरीस,

आशीर्वाद नेहमीचेच, ते वेगळे लिहीत नाही.

हे पत्र मी उघड्या पाकिटात टाकतो आहे. हल्लीच्या लोकांना नीट चिकटवता येत नाही, उगाच कागद खराब करतात. त्यांनी वाचावं, माझी हरकत नाही.

तुझ्या भावानं काय केलं ते मला काल कळलं. लगेच खात्यात गेलो. शिपायानं अजून ओळखलं, खुर्ची दिली. तुझ्या भावाच्या साहेबाला मी सगळं सांगितलं: पाकीट माझ्याकडे होतं, ओळ माझी, बोलणी मात्र तुम्ही खाल्लीत, त्याबद्दल क्षमस्व. त्याला पटलं असावं. पटावं अशी त्याची इच्छाही होती, कारण त्याची बोंब निर्दोष ठरत होती. पण त्याच्या वरच्यांनी मला पाणी दिलं आणि पाठीवर हात ठेवला. म्हणाले, “आजोबा, मुलासाठी कोणताही बाप हेच बोलेल. ज्यानं सख्ख्या मेहुण्याचं नाव दिलं, तो असलं धाडस करेल का?” मी म्हटलं, त्यामुळेच केलं. तर ते हसले.

परत येताना मी बसथांब्यावर बराच वेळ बसून राहिलो. दोन गाड्या सोडल्या.

पोरी, एकतीस वर्षं मी दुसऱ्यांची पत्रं उघडली. कोण कोणावर प्रेम करतो, कोण कोणाला फसवतो, कोण आजारी आहे, सगळं मला आधी कळायचं. त्यातलं काही माझं नव्हतं. उघडलं, पुढे दिलं, परत आलं, चिकटवलं. मेहुण्याचं नाव दिलं तेही माझं नव्हतं, ते भीतीचं होतं. ती एक ओळ लिहायला मला चार मिनिटं लागली. त्या मित्राचा ‘ढ’ फार अवघड होता. माझ्या हातून आयुष्यात एकच काम असं झालं की जे माझं स्वतःचं होतं. ते पोराच्या नावावर करू नकोस. तो तर म्हणतोय ते कधी झालंच नाही. मग माझ्याकडे काय उरतं? मेहुण्याला देणारा माणूस, एवढंच.

त्याची माया मला कळते. त्याला सांगितलं तर वाद घालतो आणि दार आपटतो, म्हणून तुला लिहितो. तुला जी विचारणा येईल तिच्यात दोन नावं असतील. बघ काय ते.

गुडघ्यांना तेल लावायला मुलगा विसरत नाही, काळजी नसावी.

बाबा


२४ मार्च

ठोंब्या,

तीन दिवसांपूर्वी खात्याचा कागद आला. ‘अकराव्या भागातील माहिती आपणांस कोणी पुरवली? (अ) बंधू (आ) वडील. योग्य ते ठेवून दुसरे खोडावे.’ वर्षभर मी दुभंगलेल्या घरांचे प्रसंग रंगवतेय. इतका वाईट प्रसंग मला एकदाही सुचला नाही.

आधी माझं ऐक. गेल्या वर्षी माझा पाय मोडला तेव्हा बाबा दीड महिना माझ्याकडे होते, तेव्हा त्यांनी मला सांगितलं. सांगून झाल्यावर एवढंच म्हणाले, “हवं ते वापर, फक्त दाढ नको. दाढ खात्यातल्या प्रत्येकाला आठवते.” मी मान हलवली. आणि अकरावा भाग लिहायला बसले तर तो मिळमिळीत झाला होता. दाढ घातली आणि प्रसंग उभा राहिला. चॅनेलवाले टाळ्या वाजवत होते. ठोंब्या, एवढंच झालं. टाळ्यांसाठी मी शब्द मोडला. वर तुझा ‘आम्हाला’ मला उलटा कळला. शब्द पकडण्यात मी मोठी हुशार ना! तू मला खूण करत होतास आणि मी त्यावर थुंकले. मला माफ करशील की नाही ते नंतर बघू.

तुझ्या खोट्यात एक भोक आहे. अकराव्या भागाच्या हस्तलिखितावर चॅनेलचा आवक शिक्का आहे, जूनचा. तू दप्तरखान्यात आलास ऑगस्टमध्ये. जूनमध्ये तू ती फाईल बघूच शकत नव्हतास. ते पान माझ्या कपाटात आहे आणि दुसरी प्रत चॅनेलनं कधीच रद्दीत घातली. म्हणजे मी पान फाडलं की तुझं खोटं पक्कं. पाठवलं की बाबांचं खरं पक्कं.

मी तीन दिवस ते पान टेबलावर ठेवून बसले. चुलीत घालायला दोनदा उठले. तू आत गेलास तर दोन वर्षांनी बाहेर येशील. ते गेले तर कदाचित येणार नाहीत. हिशेब सरळ तुझ्या बाजूचा होता. पण दर वेळी बाबांचं पत्र पुन्हा वाचलं आणि बसथांब्यापाशी अडकले. दोन गाड्या सोडल्या त्यांनी. आपण त्यांचा जीव वाचवू, पण ते घरी बसून काय बघत राहतील? मुलगा आपल्यासाठी तुरुंगात, आणि जगाच्या लेखी आपण फक्त मेहुण्याला विकणारे. आईनं चौदा वर्षं त्यांना तसंच बघितलं. आणखी कितीजणांनी बघायचं?

मी ‘अ’ खोडला. पान जोडलं. सकाळी रजिस्टर करून आले.

यात त्यांचा मान किती आणि तुला वाचवण्याचा माझा स्वार्थ किती, हे मला विचारू नकोस. मलाच सांगता येणार नाही. मालिका मी सोडली. ते काही मोठं केलं असं नाही, हातच चालत नाही.

मला यायचंय. तू म्हणशील तर येईन.

ताई


२ एप्रिल

ताई,

तुझं पत्र मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा भिंतीवर कप फोडला. बाबांनी तुकडे गोळा केले आणि म्हणाले, “चांगला कप होता.”

आज सकाळी ते गेले. गाडी दहाला येणार होती, ते आठपासून तयार. औषधांवर वेळा लिहून घेतल्या, चष्म्याच्या दोन्ही काचा पुसल्या. साहेब स्वतः आले होते. जिन्यात बाबा थांबले तेव्हा साहेबही दोन पायऱ्या खाली थांबले, घाई केली नाही. दाराशी नर्सबाईंच्या जागी आलेले नवे बिऱ्हाडकरू उभे होते. त्यांनी विचारलं, “आजोबा, कुठे निघालात?” बाबा म्हणाले, “माझं एक जुनं काम राहिलं होतं.” ताई, त्यांची मान ताठ होती. मी त्यांना असं चालताना कधी बघितलं नव्हतं. आणि मला रडू आवरेना, आणि त्याच वेळी तुझा इतका राग येत होता की तू समोर असतीस तर काय केलं असतं कोण जाणे.

मला परत कामावर बोलावलंय. मी राजीनामा लिहून ठेवलाय. दर रविवारी अर्धा तास भेटता येईल. एका वेळी दोघांना आत सोडतात.

मी तुला माफ केलेलं नाही. अजून बरेच दिवस करणार नाही. पण रिकाम्या घरात एकट्यानं रागावता येत नाही. रविवारच्या आत ये.

ठोंब्या